उशाशी ठेवलेला कागद

सहलीच्या जहाजावर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला तेथील नाट्यगृह, भोजनगृहे, पोहण्याचे तलाव आणि दागिन्यांची दुकाने पाहून विस्मय वाटतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या साऱ्या वैभवाच्या खाली, जिथे पाहुण्यांना मज्जाव असतो अशा एका लांबच लांब मार्गिकेच्या कडेला एक छोटासा छापखाना रात्रंदिवस चालू असे, ही गोष्ट बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसे. अमेरिकन बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवरील कर्मचारी या मार्गिकेला तिकडच्या एका महामार्गाच्या नावाने ‘आय-नाइन्टीफाइव्ह’ म्हणतात. गिरगावातील छापखान्यात खिळे जुळविण्यापासून ज्याची उमेदवारी सुरू झाली आणि ऑफसेटच्या यंत्रावर ज्याचा हात बसला, अशा माझ्यासारख्या मुद्रकाने चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील पुष्कळ वर्षे त्या मार्गिकेच्या कडेला, हिवाळ्यात कॅरिबियन समुद्रावर आणि उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यावर काढली. तेथे माझ्या हातून जे कागद छापले गेले त्यांत सूचना कोणती आणि जाहिरात कोणती, आणि या दोहोंमधील सीमा सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. त्याची कैफियत आज सविस्तर मांडावी असे वाटते.

जहाजावरील छापखान्याचे मुख्य काम म्हणजे दुसऱ्या दिवसाची दैनंदिनी. उद्या जहाज कोणत्या बंदरी लागणार, उतरण्याचा मार्ग किती वाजता खुला होणार, परत येण्याची शेवटची वेळ कोणती, सूर्योदय आणि सूर्यास्त केव्हा, कोणत्या भोजनगृहात किती वाजेपर्यंत जेवण मिळेल, सायंकाळी पोशाख कोणता अपेक्षित आहे, हा सर्व तपशील त्या चार पानांत येई. बाहेरचे रंगीत पृष्ठ बहुधा किनाऱ्यावरच छापून गठ्ठ्यांनी जहाजावर चढवलेले असे आणि आतील मजकूर आम्ही त्यावर काळ्या शाईने उठवीत असू. मनोरंजन विभागाकडून मसुदा दुपारी येई, प्रुफे तपासून होत, तास-दोन तासांत हजारावर नकला निघत, घडी घालण्याच्या यंत्रातून जात आणि खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींच्या कपाटांत मजल्यांप्रमाणे रवाना होत. समुद्र खवळलेला असला की कागदाचे ताव सरळ धरत नसत आणि हवेतील दमटपणामुळे त्यांच्या कडा वळत. अशा रात्री यंत्रापाशी उभे राहून एकेक रीम हाताने सारखी करावी लागे. या दैनंदिनीच्या सोबतीला पदार्थांच्या याद्या, आरोग्याच्या सूचना आणि भाषांतरित आवृत्त्या असत. आणि या सर्वांहून संख्येने अधिक असत ती जाहिरातीची पत्रके. मसाजावर सवलत, चित्रांच्या लिलावाचे आमंत्रण, इंचावर विकली जाणारी सोन्याची साखळी, पेयांची एकरकमी योजना, बंदरावरील सहली, पुढच्या वर्षीच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण, असा त्यांचा विस्तार असे.

समुद्रावरच्या छपाईचा इतिहास मोठा आहे आणि तो वाचल्यापासून या कामाविषयीचा माझा आदर वाढला. नोव्हेंबर १८९९ मध्ये मार्कोनी ‘सेंट पॉल’ या जहाजाने इंग्लंडकडे परतत असताना किनाऱ्यावरून बिनतारी यंत्राने आलेल्या बातम्या जहाजावरच छापण्यात आल्या. त्या बातमीपत्राच्या प्रती एकेक डॉलरला विकल्या गेल्या आणि जमलेली रक्कम खलाशांच्या साहाय्यनिधीला देण्यात आली. १९०४ साली कनार्ड कंपनीने ‘कॅम्पेनिया’ जहाजावर नियमित दैनिक सुरू केले. ‘टायटॅनिक’वरही दोन मुद्रक होते, आणि १९१२ च्या त्या दुर्घटनेत दोघांनाही जलसमाधी मिळाली. किनारा दिसेनासा झाल्यानंतर जगाची वार्ता जाणण्याचे जे एकच साधन माणसाच्या हाती उरते ते सिद्ध करणारे हे कारागीर होते. आणि जो छापतो त्याच्यावर वाचणाऱ्याने टाकलेला विश्वास त्या काळी इतका संपूर्ण होता, की कागदावर उतरलेले अक्षर खरे मानण्यावाचून प्रवाशाला गत्यंतरच नव्हते.

हे गत्यंतर नसणे अजूनही संपलेले नाही, आणि माझ्या सांगण्याचा सारा भर या एका गोष्टीवर आहे. शहरातील माणसाच्या दारात कोणी पत्रक टाकून गेला तर तो शेजाऱ्याला विचारू शकतो, चार दुकाने हिंडू शकतो, उद्या पाहू म्हणून विषय लांबणीवर टाकू शकतो. जहाजावरील पाहुण्याला शेजारी नाही, दुसरा बाजार नाही आणि बंदरावर त्याला मिळणारे तास मोजके असतात. ज्या हाताने त्याला संकटकाळी नौकेवर कोठे जमायचे हे सांगितले त्याच हाताने त्याला अमुक दुकानात हिरा घ्या असे सांगितले, तर दोन्ही गोष्टींना तो सारखेच वजन देतो. त्याच्या उशाशी ठेवलेला कागद कोणा व्यापाऱ्याने ठेवला आहे असे त्याच्या मनातही येत नाही. तो जहाजाने ठेवलेला असतो.

जाहिरातीला माझा विरोध नव्हता, आजही नाही. जहाजाचा कारभार कशावर चालतो हे मला चांगले ठाऊक होते. या धंद्यातील मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे वार्षिक हिशेब उघडले की उत्पन्नाचे दोन रकाने दिसतात, एक तिकिटांचा आणि दुसरा जहाजावरील विक्रीचा व इतर प्राप्तीचा. हा दुसरा रकाना अलीकडच्या काळात एकूण उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के, आणि कित्येक वेळा त्याहूनही अधिक भरतो. तिकीट स्वस्त ठेवून खोल्या भरावयाच्या आणि तूट मद्य, जुगार, सहली आणि दुकाने यांतून भरून काढावयाची, असा हा हिशेब आहे. मसाजाचे दालन, चित्रांचा लिलाव, दागिन्यांची दुकाने ही बहुधा स्वतंत्र कंपन्या मक्त्याने चालवतात आणि गल्ल्यातील ठरलेला हिस्सा जहाजाच्या मालकाला देतात. त्या मक्तेदारांची माणसेही आमच्यासारखीच घरदार सोडून आलेली होती आणि त्यांचे वेतन विक्रीवर अवलंबून होते. माझ्या पगारातही त्या पत्रकांचा अंश होता, हे मी कधी विसरलो नाही. त्यामुळे जाहिरात असू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. जाहिरातीने जाहिरातीच्याच वेषात यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

या वेषांतराचा त्रास सर्वांत आधी कोणाला होत असेल तर तो खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्याला. सकाळी खोली आवरायची, सायंकाळी पुन्हा जाऊन अंथरूण घालायचे, टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून पलंगावर बसवायचे, उशीवर चॉकलेट ठेवायचे आणि शेजारी उद्याची दैनंदिनी, हा त्याचा शिरस्ता. आमच्या जहाजावर वेंगुर्ल्याकडचा एक तरुण हे काम करीत असे. दर्यावर जाण्याची परंपरा त्याच्या घराण्यात जुनी; त्याचे आजोबा धोबीतलावच्या परिसरात, जिथे गोवेकर खलाशांच्या गावोगावच्या कुडी (वसतिगृहे) आहेत, त्या भागात राहून बोटीची वाट पाहात असत, असे तो सांगे. एके रात्री पत्रकांचे गठ्ठे न्यायला तो आला आणि दारातच थांबून म्हणाला, “अण्णा, पावणे माका विचारतत, ह्या ढिगातलो आमच्या कामाचो कागद खयचो? आता मी अठरा खोल्यांत उभो रवान वाचून दाखवू?” त्याने आपल्यापुरता एक मार्ग काढला होता: दैनंदिनी पलंगावर आणि बाकीची पत्रके आरशाजवळच्या टेबलावर. परंतु पर्यवेक्षकाकडून त्याला ताकीद मिळाली, की सर्व कागद एकत्र, पलंगावरच आणि दैनंदिनीच्या आतच घातलेले असले पाहिजेत. कारण टेबलावरचा कागद पाहुणा पाहात नाही. मक्तेदाराच्या दृष्टीने हे गणित बिनचूक होते. पाहुण्याने सूचना शोधण्यासाठी हात घालावा आणि त्या हाताला प्रथम जाहिरात लागावी, अशी ती योजना होती.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहात नाही. कोझुमेल हे मेक्सिकोचे बेट कॅरिबियन फेऱ्यांतील नेहमीचे बंदर आहे. ते ज्या किंताना रू राज्यात येते त्या राज्याने फेब्रुवारी २०१५ पासून आपले घड्याळ बदलले आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धतही तेथे नाही. त्यामुळे उन्हाळी वेळेच्या महिन्यांत फ्लोरिडाच्या वेळेने चालणारे जहाज बेटाच्या एक तास पुढे असते. किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाचा फोन आपोआप बेटाची वेळ दाखवू लागतो, आणि चार वाजले म्हणून तो निश्चिंत असतो तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. ‘जहाजाचीच वेळ पाळा’ ही एक ओळ त्या दिवशीच्या दैनंदिनीतील सर्वांत मोलाची ओळ असते. ती ओळ आठ-नऊ पॉइंटांच्या अक्षरात तिसऱ्या परिच्छेदात पडलेली आणि वर हिऱ्याच्या लोलकाचे मोफत कूपन पानभर पसरलेले, असा मसुदा माझ्यासमोर आला आहे. धक्क्यावरून धापा टाकत येणारी कुटुंबे मी जहाजावरून पाहिली आहेत. आणि शिडी उचलल्यानंतर पोहोचलेल्यांचे पारपत्र तेवढे किनाऱ्यावरच्या प्रतिनिधीच्या हाती ठेवून जहाज निघून गेलेलेही पाहिले आहे. अशा लोकांनी पुढचे बंदर स्वखर्चाने गाठायचे असते. शेवटच्या रात्रीचेही तसेच. सामानाला बांधायच्या रंगीत चिठ्ठ्या आणि सीमाशुल्काचा तक्ता यांच्या जोडीला पुढील प्रवासाच्या सवलतीची पत्रके एवढी असत, की चिठ्ठ्या केराच्या टोपलीत जात आणि सकाळी धक्क्यावरच्या गुदामात बिनचिठ्ठीच्या पेट्यांभोवती वृद्ध माणसे हिंडत राहात.

बंदरांचे नकाशे हा याच विषयाचा आणखी गंभीर भाग. सेंट थॉमस हे बेट १९१७ साली अमेरिकेने डेन्मार्ककडून विकत घेतले. तेथे अमेरिकन पर्यटकांना जकातीची मोठी सूट मिळते, आणि शार्लट अमाली शहरातील मुख्य रस्ता सोन्या-हिऱ्यांच्या दुकानांनी भरून गेलेला आहे. जहाजावर वाटला जाणारा नकाशा किनाऱ्यावरून छापून येई. त्यासोबतचे त्या दिवसाचे पत्रक मी छापीत असे. त्या नकाशात रस्ते होते, धक्का होता आणि काही ठरावीक दुकाने ठळक क्रमांकांनी दाखवलेली होती. उरलेली जागा कोरी होती. नकाशावर विसंबून चालणाऱ्याला वाटावे की त्या गल्ल्यांत काही नाहीच. एकदा सुटीच्या तासांत मी अशाच एका गल्लीत शिरलो तेव्हा एका सिंधी गृहस्थाचे कापडाचे जुने दुकान आढळले. त्या बेटांवर सिंधी व्यापाऱ्यांची वस्ती मोठी आहे. मी जहाजावर मुद्रक आहे हे कळल्यावर ते हिंदीत शांतपणे म्हणाले, “भाईसाहब, नकाशात आमची गल्ली आहे, पण आमचे दुकान नाही. जागेचे पैसे द्यावे लागतात; ते आम्हाला परवडत नाहीत.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. जो पैसे देतो त्याचे नाव मोठ्या अक्षरात यावे, हा व्यापाराचा नियम मी समजू शकतो. परंतु नकाशा ही दिशा सांगणारी वस्तू आहे, आणि ज्या दिशा विकल्या गेल्या आहेत त्या विकल्या गेल्या आहेत असे त्याच कागदावर लिहिलेले नसेल, तर तो कागद वाटसरूची दिशाभूल करतो, असे म्हणण्यावाचून इलाज नाही.

या अनुभवांनंतर मी हॉटेल विभागाच्या प्रमुखांकडे गेलो. ते वयस्क, समंजस गृहस्थ होते. माझ्या मागण्या तीन होत्या: परत येण्याची वेळ आणि घड्याळाची सूचना पहिल्या पानाच्या माथ्यावर चौकटीत, सर्वांत मोठ्या अक्षरात यावी; दैनंदिनी पांढऱ्या कागदावर आणि प्रत्येक जाहिरात फिकट पिवळ्या कागदावर छापावी; आणि शेवटच्या रात्री सामानाच्या चिठ्ठ्यांबरोबर कोणतेही पत्रक ठेवू नये. मक्तेदारांच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली, की पिवळा कागद पाहताच पाहुणा तो बाजूला सारील. मी एवढेच म्हणालो, की जो पिवळा कागद बाजूला सारतो तो पांढराही सारणारच आहे, आणि पांढरा सारताना त्याच्याबरोबर सूचनाही बाजूला जाईल. पहिल्या दोन गोष्टी प्रमुखांनी मान्य केल्या, तिसरी केली नाही. त्यानंतर आमचा वेंगुर्लेकर खोलीत उभा राहून काही वाचून दाखवीत नसे. पांढरा कागद आपल्या कामाचा, एवढे एक वाक्य त्याला पुरे होई. परंतु जहाजावरचे हुद्दे करारांच्या मुदतीने बदलतात. ते गृहस्थ दुसऱ्या जहाजावर गेले, नवे अंमलदार आले, मुख्य कार्यालयाकडून सर्व जहाजांसाठी एकच साचा आला आणि पिवळा कागद बंद झाला. एका सज्जन अधिकाऱ्याच्या मर्जीवर उभा असलेला शिरस्ता त्या अधिकाऱ्याबरोबरच निघून जातो, हे त्या वेळी मला स्पष्ट दिसले.

मर्जीच्या जागी नियम आला म्हणजे काय होते, हे अलास्कात पाहावयास मिळाले. मे ते सप्टेंबर या महिन्यांत तेथील ज्युनो, केचिकन आणि स्कॅगवे या लहान गावांत एका दिवशी अनेक जहाजे लागतात, आणि ज्युनोचा साउथ फ्रँकलिन रस्ता पर्यटकांनी फुलून जातो. त्या राज्याच्या कायद्यात जहाजांवरील जाहिरातींसाठी एक स्वतंत्र कलम आहे. बंदरातील ज्या दुकानाने आपला उल्लेख व्हावा म्हणून मोबदला दिला आहे त्याची शिफारस जहाजावर करायची असेल, तर मोबदला दिला गेला आहे ही गोष्ट तोंडी आणि प्रत्येक छापील साहित्यात स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आणि ती सूचना १४ पॉइंटांहून लहान अक्षरात नसावी व लक्ष वेधून घेईल अशा भिन्न रंगात असावी, असे ते कलम सांगते. खिळ्यांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सत्य सांगा, एवढेच म्हणून थांबणारा कायदा पळवाटांना जागा ठेवतो. सत्य किती पॉइंटांत सांगा हे ठरवणाऱ्या कायद्याला छापखान्याची रीत कळलेली असते. आणि या नियमाने तेथील व्यापार बुडाला नाही. दुकाने गजबजलेली असत, पाहुणे खरेदी करीत. फरक एवढाच, की नकाशा हाती घेणाऱ्याला त्याचे स्वरूप ठाऊक असे आणि कोऱ्या गल्लीतही एकदा डोकावून पाहावे असे त्याला वाटू शके.

न वाचलेल्या कागदाचा शेवटही या हकिगतीत आला पाहिजे. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने जहाजावरील कचऱ्याविषयी कडक बंधने घातली आहेत. कॅरिबियन समुद्राला १ मे २०११ पासून विशेष क्षेत्राचे नियम लागू झाले, आणि १ जानेवारी २०१३ पासून सुधारित परिशिष्टानुसार कागदच काय, भट्टीतील राखही समुद्रात टाकता येत नाही. त्यामुळे खोल्यांतून परत आलेला प्रत्येक कागद कचरा वेगळा करण्याच्या दालनात जातो, तेथून भट्टीत किंवा किनाऱ्यावर, आणि त्याची नोंद वहीत होते. त्या दालनातील मंडळी कडक उष्म्यात हाताने पिशव्या उपसत असत. सायंकाळी माझ्या यंत्रातून निघालेली पत्रके दुसऱ्या दिवशी घडीही न मोडता तेथे आलेली मी वारंवार पाहिली. वृक्ष, शाई, छापणाऱ्याचे, वाटणाऱ्याचे आणि जाळणाऱ्याचे श्रम, एवढा सारा व्यय कोणाच्याही दृष्टीस न पडलेल्या अक्षरांवर होत होता. अक्षर छापणाऱ्याला याहून मोठे दुःख नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात महासाथीमुळे जहाजे थांबली, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा दैनंदिनी बऱ्याच अंशी पाहुण्यांच्या फोनमध्ये गेली होती. छापखान्याचे काम आटले. वृद्ध प्रवाशांनी मागितल्या तेवढ्याच नकला निघू लागल्या. कागदाची नासाडी टळली, हे निःसंशय चांगले झाले. परंतु मूळ प्रश्न जसाच्या तसा राहिला, किंबहुना तो अधिक बिकट झाला. फोनवर जहाजाची सूचना आणि मसाजाची सवलत एकाच आवाजाने वाजतात, एकाच चौकटीत उमटतात. कंटाळून माणूस तो आवाजच बंद करतो, आणि मग घड्याळ बदलल्याची सूचनाही त्याला ऐकू येत नाही.

मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपाकडे आता सहलीची जहाजे जाऊ लागली आहेत. आपली माणसे त्यांवर पाहुणे म्हणून जातात आणि चाकरीसही राहतात. हा व्यवसाय आपल्या किनाऱ्यावर अजून बाल्यावस्थेत आहे, म्हणून त्याचे शिरस्ते आताच नीट पडले तर पडतील. जहाजांच्या मालकांना माझी विनंती आहे, की सूचनेचा कागद आणि विक्रीचा कागद यांचे रंग वेगळे ठेवा, फोनवरही त्यांची दालने वेगळी ठेवा, आणि पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसे ठळक अक्षरात लिहा. ज्यांच्या हाती नियम करणे आहे त्यांनी अलास्काचे ते कलम एकदा वाचावे. आणि वाचकहो, तुम्ही स्वतः कधी अशा प्रवासाला निघालात, तर उशाशी ठेवलेला कोणताही कागद उचलताना प्रथम एवढेच पाहा, की तो छापण्याचे पैसे कोणी दिले आहेत. आणि उत्तर त्या कागदावर सापडले नाही, तर जहाजाच्या कचेरीत जाऊन ते बेलाशक विचारा. तो तुमचा हक्क आहे.